जबाबातला चौथा रकाना

नोकरी सुटून काही वर्षं झाली, पण ती एक दुपार अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

बालाघाट जिल्ह्यात कटंगीच्या बाजूला एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. जवळच्या गावात राममंदिरातलं चांदीचं छत्र चोरीला गेलं. कुलूप फोडलेलं नव्हतं. मी पंचनामा केला आणि सभामंडपातच जबाब घ्यायला बसलो. अर्धं गाव भोवती जमलं होतं. लोकांना बाहेर काढायला हवं होतं. मी काढलं नाही.

पहिले साक्षीदार म्हणजे मंदिरात रोज दुपारी पोथी वाचणारे बाबाजी. साठीचे, बाहेरगावचे, बारा वर्षं तिथेच राहत होते. धान कापणीच्या दिवसांतही बाया बांधावरून येऊन त्यांचं वाचन ऐकत. मी नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, वय लिहिलं. चौथा रकाना जातीचा होता.

“जात?” मी मान वर न करता विचारलं.

“साहेब, हे लिवाच लागते का?”

“हौ. रकाना आहे.”

“मंग लिवा.” त्यांनी हातातली पोथी पाटावर ठेवली आणि सांगितलं. काय सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तीच चूक पुन्हा होईल.

मागून कुणीतरी म्हणालं, “आता पोथी बी धुवा लागते.” दोघंतिघं हसली.

मंदिर समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, “बारा वर्सं सांगतलं नाही, महाराज?”

“कोनी इचारलंच नाही, भाऊ.”

पुढचा जबाब बाबाजींनी खालच्या आवाजात दिला. आठवड्यापूर्वी अध्यक्षांच्या पुतण्यानं त्यांना विचारलं होतं, छत्र भरीव आहे की पोकळ. मंदिराची किल्ली अध्यक्षांच्याच घरी असे. दोन दिवसांनी तुमसरच्या एका सोनाराकडून खबर आली, की एक पोरगा चांदी वितळवून मिळेल का, असं विचारून गेला. पुतण्याला ठाण्यात बसवलं. तासभर तो “मले मालूम नाही” म्हणत राहिला. मग मी फक्त एवढंच विचारलं, “मग, भरीव निघालं का पोकळ?” तो रडायला लागला. छत्र त्याच्या घरी तांदळाच्या कोठीत सापडलं.

वरिष्ठांच्या तपासणीत माझ्या कागदपत्रांचं कौतुक झालं. एकही रकाना रिकामा नव्हता.

पुतण्या जामिनावर सुटला. रामनवमीच्या पंगतीत मी त्याला वाढताना पाहिलं. “पोरगं चुकलं, घर तं चांगलं आहे ना,” अध्यक्ष मला म्हणाले. पोथीचा पाट जागेवर नव्हता.

बाबाजी मला पुढे कटंगीच्या बसस्टँडवर भेटले. हातात कापडी पिशवी होती. गावानं काढलं का, असं मी विचारलं.

“नाही साहेब. मले कोनी काही म्हनलं नाही. ऐकाले कोनी आलं नाही, बस. तीन दिवस रिकाम्या मंडपात वाचलं. चवथ्या दिवशी पाट उचलला.”

“तुम्ही खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं,” मी म्हणालो.

“तुमी खरं लिवाले बसले होते ना,” ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. तुमसरची बस लागली आणि ते गेले.

जात जन्मानं ठरते की वागण्यानं, यावर पुष्कळ लोक बोलतात. मी त्यातला जाणकार नाही. मी एवढंच पाहिलं, की बारा वर्षं गावानं एका माणसाला वागण्यावरून ओळखलं आणि माझ्या एका प्रश्नानंतर ती ओळख पुसली गेली. चोरी करणाऱ्याची मात्र पुसली नाही. छत्राच्या तपासाला त्या उत्तराची काही गरज नव्हती.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिला. प्रवेशाचा फॉर्म मी खिडकीपाशी उभा राहून भरला होता. त्यातही तो रकाना होता, आणि मागच्या मुलाला दिसू नये म्हणून मी डाव्या हातानं तो झाकला होता. त्या दुपारी मंडपात मला तो हात आठवला नाही.