बोईसरच्या मैदानावरचा दर्या

ते मैदान आठवायला डोळे मिटले की आधी पाण्याचा आवाज येतो, मग चेंडू दिसतो. नवापूरला आमचं फुटबॉलचं मैदान दिवसातून थोडाच वेळ असायचं. ओहोटीला पाणी मागे सरलं की ओल्या वाळूत बांबू रोवायचे, खेळायचं, आणि भरती लागली की मैदान दर्याला परत द्यायचं. रविवारची मॅच किती वाजता, हे घड्याळाला नाही, तिथीला विचारावं लागे.

मैदान किनाऱ्याला धरून लांब पसरलेलं. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला सुरूची झाडं. त्यामुळे आमची पोरं ‘डावीकडे, उजवीकडे’ असं कधी ओरडलीच नाहीत. ‘दर्याकडं!’ म्हटलं की चेंडू पाण्याच्या बाजूला, ‘सुरूकडं!’ म्हटलं की झाडांच्या बाजूला. ओरडणारा बहुतेक माझा थोरला भाऊच असे. तो गोलकीपर. जाळी ओढून त्याचे तळहात असे राठ झालेले की चेंडू तिथे येऊन चिकटतोच, असं मला वाटे. मी वीस वर्षांची होते आणि जगात दादासारखा गोलकीपर नाही याची मला खात्री होती. जग मी बोईसरपर्यंतच पाहिलं होतं, ती गोष्ट वेगळी.

बोईसरला एका कारखान्यात मी पॅकिंगला होते. तिथल्या कामगारांच्या टीमने आमच्या गावाला मॅच खेळायला बोलावलं, तेव्हा मी आठवडाभर मैत्रिणींपुढे फुशारक्या मारल्या.

मॅच सुरू झाली आणि पाचव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की काहीतरी भलतंच चाललंय. ते मैदान आमच्यासारखं नव्हतं, किनाऱ्याला आडवं होतं. दर्या बाजूला नव्हताच. तो होता आमच्या गोलच्या पाठीमागे, दोन-तीन कोस दूर, कारखान्यांच्या भिंतींपलीकडे. दादा सवयीने ओरडला, ‘दर्याकडं!’ निम्मी पोरं एका बाजूला धावली, निम्मी दुसऱ्या बाजूला. एकाला मात्र खरा दर्या आठवला. त्याने मागे वळून चेंडू तिकडे मारला, तो सरळ आमच्याच गोलात. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आमचं अंगण खरोखरच वाकडं होतं, पण हे सांगणार कोणाला? भिंतीवर बसलेले कामगार पोट धरून हसत होते. ‘अरे भाई, समंदर ढूँढ रहे हैं!’

सहावा गोल झाला तेव्हा मैत्रिणींनी माझ्याकडे बघायचंही सोडलं, कीव येऊन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणी पिऊन येते म्हणाले आणि थेट एसटी स्टँडवर जाऊन बसले. शेवटी नऊ-शून्य झालं, ते मला रात्री घरी कळलं.

दादा जेवला नाही. ‘उद्यापासून बंद. मी काय गोलात उभा ऱ्हायचा नाय,’ म्हणाला. दुसरा गोलकीपर गावात नव्हता. म्हणजे टीमच बंद. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘नऊ गेले त्याचं एवढं नाय, बाय. सहाव्यानंतर मी वळून बघितलं, तं तू नाय.’

आई बोंबील निवडत होती. बोंबलांवरची नजर न काढता ती म्हणाली, ‘होडी रिकामी हाय हे आधी कळलं, तरी आमी टोपली घेऊनच बंदरावर जातो. रिकाम्या होडीकडं पाठ करायची नाय. तुला ठाऊक हाय ना?’

ठाऊक होतं. लहानपणापासून पाहत आले होते. बायका टोपल्या घेऊन पाण्याजवळ उभ्या राहत, काही न विचारता. मला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओहोटीच्या वाळूत एकटीच चालत होते. उन्हं उतरलेली, पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं. डोळे मिटले आणि गिरकी घेतली, एकदा, दोनदा, लहानपणी घ्यायचे तशी. डोकं गरगरलं, पण दर्या कुठल्या अंगाला आहे ते कानांना कळत होतं. किती वेळ मी तशी उभी होते कोण जाणे. घरी पळतच आले आणि दादाला म्हणाले, ‘त्यांना सांग, परत खेळू. बोईसरलाच. दर्या मी होईन.’

‘येडी हायस,’ तो म्हणाला. पण हसला.

‘एकच मॅच,’ असं बजावून तो आला. मासळी विकायला बोईसरला येणाऱ्या पाच-सहा बायका आईने गोळा केल्या. बाजार आटोपून रिकाम्या टोपल्यांसकट आम्ही मैदानाच्या एका लांब अंगाला रांगेत उभ्या राहिलो. दादाने पोरांना बोटाने दाखवलं, ‘त्यो दर्या. खऱ्याला इसरा.’ मैत्रिणी लांबून बोलावत होत्या, सावलीत ये, गारेगार घे. गेले नाही. मी हलले असते तर दर्या हलला असता.

‘दर्याकडं!’ दादा ओरडला आणि दहाच्या दहा जण माझ्या दिशेने धावत आले. त्या क्षणी मी किती सुखी होते! पोटऱ्या दुखत होत्या, ऊन डोळ्यांत होतं, आणि मला खरंच लाटांचा आवाज येत होता.

तरी हरलोच. चार-एक. चौथा गोल गेला तेव्हा दादाने वळून बघितलं. मी होते.

परतीच्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला. खिडकीबाहेर बघतच कुरकुरला, ‘पुढच्या येळी जरा मागं सरकून उभी ऱ्हा. दर्या एवढा पुढं येत नाय.’

बाकीचं मला ऐकूच आलं नाही. पुढच्या वेळी, म्हणाला होता तो.