न बोलावलेली आत्या

माझा मुलगा जन्मला तेव्हा मी एका माणसाबरोबर राहत होते आणि दुसऱ्याची बायको होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात. नव्या पनवेलमधल्या आमच्या इमारतीत निम्मे फ्लॅट रिकामेच होते. शेजार नवा असल्यामुळे कुणी फार चौकशी करत नसे, आणि ते आम्हांला सोयीचं होतं.

माझं लग्न उरणकडच्या, मोरा बंदराच्या वाटेवरच्या एका गावात झालं होतं. सासरची मिठागरं होती. चार वर्षांत मूल झालं नाही आणि दोष माझाच धरला गेला. नवऱ्यानं कधी हात उगारला नाही, तो बोलतच नसे. सासू मात्र रोज बोलायची. शेवटी मी पनवेलला बहिणीकडे निघून आले, एका शाळेत नोकरी धरली आणि घटस्फोटाचा अर्ज केला. नवरा एकाही तारखेला आला नाही. त्याच काळात मला हा भेटला. रसायनीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता, मूळचा पुण्याचा. मी त्याला ‘हा’च म्हणायचे. ‘हे’ म्हणायचा हक्क मला अजून मिळाला नव्हता. दोन वर्षं वाट पाहिली आणि मग आम्ही एकत्र राहायला लागलो.

सातवा महिना लागला तेव्हा आम्ही वकिलांकडे गेलो. वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला.

“लग्न अजून कायम आहे. अशा वेळी झालेलं मूल नवऱ्याचंच, असं कायदा धरून चालतो. तसं नाही, हे तुम्हांला सिद्ध करावं लागेल.” मग ते ह्याच्याकडे वळले. “आणि तुम्ही कुठल्याही कागदावर बाप म्हणून सही करू नका. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवला म्हणून तो तुमच्यावर फौजदारी करू शकतो. मग तुमची सही हाच त्याचा पुरावा.”

ह्यानं मुलासाठी नाव काढून ठेवलं होतं, मुलीसाठीही. त्या दिवसानंतर त्यानं दोन्ही नावं उच्चारायची बंद केली.

मुलगा झाला. दवाखान्यातल्या नर्सनं फॉर्म भरताना वडिलांचं नाव विचारलं. मी म्हटलं, नंतर सांगते. ती म्हणाली, बाळाचं नाव सगळेच नंतर देतात, वडिलांचं नंतर देणाऱ्या तुम्ही पहिल्याच. पण तिनं ती जागा मोकळी सोडली.

चौथ्या दिवशी दुपारी मी डोळे उघडले तर नवरा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. हातात शहाळ्यांची पिशवी. मी त्याला काहीच कळवलं नव्हतं. त्यानं पिशवी खाली ठेवली, पाळण्यात वाकून बघितलं आणि बराच वेळ बघत राहिला.

“नाक आमच्याकडचं हाय,” तो म्हणाला.

मी सासर सोडल्यापासून आम्ही एकमेकांना पाहिलंसुद्धा नव्हतं. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो शांतपणे बोलला आणि निघून गेला.

बाराव्या दिवशी घरीच छोटंसं बारसं केलं. इमारतीतल्या पाच-सहा बायका आणि माझी बहीण. ह्याच्या घरून कुणी येणार नव्हतं, त्यामुळे आत्याच्या जागी बहिणीनंच कानात नाव सांगायचं ठरलं होतं. दार उघडंच होतं. पाळण्याला फुलं बांधत असताना पाठीमागून शेजारीण म्हणाली, “या या, आत्या आल्या वाटतं.”

वळून पाहिलं तर सासू आणि नणंद. नणंदेच्या हातात कुंची होती, जरीचे काठ लावलेली, घरी शिवलेली. शेजारणीनं दोघींना हळदकुंकू लावलं. या आमच्या नव्हेत, असं म्हणायचं तर त्या कोण हे सांगावं लागलं असतं. मी उभीच राहिले. हा स्वयंपाकघराच्या दारात आला, त्यांना पाहिलं आणि मागे सरला. वकिलांचे शब्द त्याला आठवले असणार. त्याच्याच घरात, त्याच्याच मुलाच्या बारशाला, तो गॅसजवळ लपून उभा होता.

नणंद सरळ पाळण्यापाशी गेली. वाकून तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी पुटपुटली. बायकांनी “कुर्र” करत हसत हसत तिच्या पाठीत धपाटे घातले. कुणीतरी विचारलं, काय ठेवलं नाव?

“कागदावर येल तवा कलंल,” ती म्हणाली.

जाताना सासू मला दाराशी घेऊन गेली. आवाज अगदी मायेचा. “लगीन मोडला नाय ना? मंग पोर आमचाच हाय. सध्या राहू दे तुझ्याकडं.”

त्यातला ‘सध्या’ मला रात्रंदिवस ऐकू येत राहिला. शाळेत शिकवताना, दूध पाजताना. दाराला मी आतून दोन कड्या लावायला लागले.

पुढच्या सोमवारी मी जन्मनोंदणीला गेले. हा बाहेर, फाटकापाशी थांबला. कारकुनानं कागद पाहून सांगितलं की परवा एक गृहस्थ येऊन गेले, बाळाचा बाप म्हणून, काय कागद लागतात ते विचारत होते. मी आईच्या जागी माझं नाव लिहिलं, बाळाच्या जागी ह्यानं काढून ठेवलेलं. वडिलांच्या जागी आडवी रेघ मारली.

“उद्या बदलायचं म्हणाल तर कोर्टाचा हुकूम लागेल,” कारकून म्हणाला. “विचार केलाय ना?”

बाहेर ह्यानं विचारलं, काय लिहिलंस? मी म्हटलं, रेघ. त्यानं मान हलवली. त्यानंतर आठवडाभर त्यानं मुलाला मांडीवर घेतलं नाही. मीही आग्रह केला नाही.

नवरा रविवारी येऊ लागला. घरात नाही, समोरच्या अर्धवट इमारतीच्या कठड्यावर बसून राहायचा. मूल बसायला लागलं, चालायला लागलं, तो बघत होता. दीड वर्षानं एका रविवारी मी खाली उतरले आणि त्याला विचारलं, तुम्हांला नक्की काय हवंय?

तो म्हणाला, “गावात पेढे वाटले मी. पोरगा झाला म्हनून. तू गेल्यावर लोक माझ्यातच खोट हाय म्हनाय लागले व्हते.”

“पण तो तुमचा नाही, हे तुम्हांला माहीत आहे.”

“मला माहीत हाय. गावाला नाय.”

एवढी वर्षं जे मी ऐकून घेतलं होतं, तेच आता त्याच्या वाट्याला आलं होतं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचीच भीती वाटली. मी म्हटलं, गावात काय सांगायचं ते सांगा, मी खोटं पाडायला येणार नाही. पण कागदाला हात लावू नका, आणि तारखेला या.

पुढच्या तारखेला तो आला. दोघांच्या संमतीनं अर्ज झाला, घटस्फोट मिळाला. आम्ही रजिस्टर लग्न केलं, आणि पुण्याला ह्याच्या घरी आमचं जाणं-येणं सुरू झालं. रेघेच्या जागी ह्याचं नाव यायला मात्र मुलगा दुसरीत जावा लागला. सुटलो, असं मी सगळ्यांना सांगितलं.

त्याच वर्षी, परीक्षा संपल्यावर, सासरच्या गावचा एक माणूस दारात उभा राहिला. सासू वारली होती. तो पाणी प्यायला, घरभर नजर फिरवली आणि म्हणाला, “दहाव्याला नातवाला धाडा. सगला गाव वाट बघतंय.”

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही घराला कुलूप लावून, ह्याच्या आईकडे जायला, पुण्याची एसटी धरली. मुलगा खिडकीपाशी बसून विचारत होता, आजीकडे किती दिवस राहायचं? हा म्हणाला, बघू.