कारभाऱ्यांचे रविवार

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायका डावीकडे बसतात आणि पुरुष उजवीकडे. असा काही नियम नाही, कुणी कुणाला सांगतही नाही. बोरिवलीतल्या एका शाळेचा हॉल आम्ही रविवारी सकाळी भाड्यानं घेतो, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतो, मधे जायला-यायला वाट सोडतो आणि माणसं आपोआप दोन्हीकडे वाटली जातात. नवीन लग्न झालेली जोडपी सुरुवातीला हट्टानं शेजारी शेजारी बसतात, मग तीही हळूहळू आपापल्या बाजूला लागतात. त्यामुळे त्या रविवारी, पहिलं गीत चालू असताना, माझी आई बायकांच्या रांगेतून उठली, दोन्ही गुडघे कामातून गेलेले असताना काठी टेकत मधली वाट ओलांडून आली आणि पुरुषांमध्ये कडेच्या एका खुर्चीवर जाऊन बसली, तेव्हा पेटी वाजवणाऱ्याचा सूरच चुकला.

ती जागा बाबांची होती. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, पण तिथे अजून सहसा कुणी बसत नसे. मी दोन रांगा मागे होतो. उठून तिच्याजवळ गेलो आणि वाकून विचारलं, "आई, इकडे कुठे आलीस?"

"बस जा गप. गीत चाललंय," ती म्हणाली.

उपासना संपल्यावर चहाच्या टेबलाशी सगळे माझ्याकडे फारच प्रेमानं बघत होते. पाळकबाईंनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या पत्नीनं, माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "वयाचं होतं असं. माझ्या सासूबाईंचंही असंच सुरू झालं होतं." घरी आम्ही दोघंच. माझं लग्न झालेलं नाही, भाऊ-बहीण नाहीत. आईचं डोकं गेलं तर माझं काय होणार, हा विचार तिचं काय होणार याच्या आधी आला आणि त्याची मला लाजही वाटली.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. मग मी तिला कांदिवलीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वार विचारला, पंतप्रधान कोण ते विचारलं, उलटे आकडे म्हणायला लावले. आईनं सगळं धडाधड सांगितलं आणि शेवटी, तुमच्या भिंतीवर मागचाच महिना लटकतोय, हेही सांगितलं. डॉक्टर हसले. "डोकं माझ्यापेक्षा बरं आहे," ते म्हणाले, "पण गुडघ्यांचं बघा. ऑपरेशन लवकर केलं नाहीत तर घरातल्या घरात चालणंही बंद होईल. मग मला दोष देऊ नका."

गुडघ्यांसाठी पैसे होते. बाबांच्या फंडातली एक एफडी आईच्या नावावर होती आणि ती गुडघ्यांची, असं घरात ठरलेलंच होतं. रिक्षात मी म्हटलं, चला, आता ती मोडू या. आई बाहेर बघत म्हणाली, "बघू."

हे 'बघू' काय होतं ते मला मंडळीच्या खजिनदारांकडून कळलं. मोठे सज्जन गृहस्थ. एका रविवारी त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तुझ्या वडिलांचा दशांश अगदी नियमित येतो बघ. कौतुक वाटतं तुझं."

दशांश म्हणजे मिळकतीचा दहावा भाग. तो देवाचा म्हणून आधी बाजूला काढायचा, उरलेल्यात घर चालवायचं, अशी आमच्याकडची रीत. पण ती जिवंत माणसांची.

"काका, बाबा जाऊन दोन वर्षं झाली."

"तेच तर! पाकिटावर नाव त्यांचं असतं. आम्हाला वाटलं, मुलगा वडिलांच्या स्मरणार्थ देतोय." माझा चेहरा बघून ते जरा घाबरले. "तू नाही देत?"

मी नाही देत. मी खांबावर चिकटवलेला क्यूआर कोड मनाला येईल तेव्हा आणि मनाला येईल तेवढ्यासाठी स्कॅन करतो.

घरी येऊन मी बूटही न काढता स्वयंपाकघरात गेलो. आई मेथी निवडत होती.

"आई, एफडी कुठाय?"

"मोडली."

"कधी?"

"गेल्या दिवाळीच्या आधी. शेजारीण आली होती बरोबर."

मी तसाच शेजारी गेलो. शेजारच्या मालवणी काकूंनी दारातूनच हात झटकले. "माका काय म्हायत रे! तिना सांगल्यान बँकेत चला, मी गेलंय." मी परत आलो तेव्हा आई तशीच मेथी निवडत होती. मला इतका राग आला होता की बोलताना आवाज फाटला.

"अगं ते गुडघ्यांचे पैसे होते!"

"गुडघ्यांचे नव्हते, ह्यांचे होते. ह्यांचंच द्यायचं राहिलं होतं, ह्यांच्याच पैशातून दिलं. त्यात तुझं काय गेलं?"

मग तिनं सांगितलं. बाबा कांदिवलीच्या एका कारखान्यात होते. मी शाळा-कॉलेजात असताना ते रविवारीही कामावर जात, कारण रविवारी दुप्पट मिळायचे. पगाराचा दशांश घरातून कधी चुकला नाही, पण रविवारच्या त्या पैशातून एकदाही काढला गेला नाही. ते माझ्या फीला गेले आणि या खोलीच्या डिपॉझिटला गेले. शिवाय ते रविवारही गेले, जे देवाच्या घरात जायला हवे होते.

"पैसे पाकिटात घालता येतात," आई म्हणाली. "रविवार कशात घालू? म्हणून जाऊन बसते."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला, किंवा मला तसं वाटलं. आमचे नवे पाळक चार रविवार एकाच विषयावर बोलले होते: कारभारीपण. पैसा आपला नाही, वेळही आपला नाही, दोन्ही धन्यानं सांभाळायला दिलेले. आपण नुसते कारभारी. एक दिवस धनी कारभाऱ्याला बोलावणार आणि म्हणणार, दे हिशेब. पाळक तरुण आहेत, बोलतात छान, हात उंच करून बोलतात. आणि माझी आई नगरकडची. तिकडे बायका नवऱ्यालाच कारभारी म्हणतात. मी जन्मापासून घरात तेच ऐकलं होतं. कारभारी आले का, कारभाऱ्यांना चहा दे, कारभारी झोपलेत, आवाज करू नकोस. म्हणजे पाळकांनी 'कारभाऱ्याला बोलावणं आलं' म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे आमचे बाबाच उभे राहत असणार, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, मान खाली घालून, जवळ काहीच नसलेले. मला आधी हसू फुटलं आणि मग हसवेना. एका शब्दापायी बिचारीनं गुडघे घालवले होते.

मी पाळकांना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. ते लगेच त्याच आठवड्यात घरी आले.

"सलाम आजी," आमच्यातल्या रीतीनं म्हणाले, बसले, चहा घेतला, आणि मुद्द्यावर आले. "आजी, गेलेल्या माणसासाठी आपल्याला मागून काही करता येत नाही. आपल्या सगळ्यांचं देणं ख्रिस्तानं आधीच फेडलंय. आपलं तारण, म्हणजे सुटका, त्याच्या कृपेनं आहे, हिशेबानं नाही."

"मान्य," आई म्हणाली.

"मग झालं तर."

"मग तुम्ही चार रविवार हिशेब द्यावा लागेल म्हणून का ओरडत होता?"

पाळकांनी कप खाली ठेवला. "ते जिवंत माणसांसाठी होतं, आजी."

"मी जिवंतच हाय की."

पाळकांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना डोळ्यांनीच म्हटलं, शब्दाचं सांगा, शब्दाचं. त्यांनी घसा साफ केला. "आजी, तुमचा जरा गोंधळ झालाय. शास्त्रातला कारभारी म्हणजे तुमचे मिस्टर नव्हेत. तो शब्द..."

"ठाऊक हाय मला," आई म्हणाली. तिला राग आला की तिचं नगर बाहेर येतं. "येडी नाय मी. पण मला सांगा, ह्यांचा पगार कुणाच्या हातात यायचा? माझ्या. रविवारच्या पैशाचं पाकीट कोण उघडायचं? मी. हे दर वेळी विचारायचे, यातनं काढायचं का गं देवाचं? आणि मी दर वेळी म्हणायची, राहू द्या, पोराची फी भरायचीय. ते उपासनेला जातो म्हणायचे, मी म्हणायची, दुप्पट मिळतंय, जाऊन या. मग कारभारी कोण? हे का मी?"

तिनं पाळकांचा कप त्यांच्याकडे सरकवला.

"पाकिटावर त्यांचं नाव घालते, कारण द्यायचं त्यांच्या मनात होतं. मी देऊ दिलं नाय. त्यांच्या जागी बसते, कारण मी त्यांना बसू दिलं नाय. एवढंच हाय. तुमचा चहा गार झाला."

पाळकांनी प्रार्थना केली, पण ती फार छोटी होती. मी त्यांना खाली सोडायला गेलो. जिन्यात ते म्हणाले, "खरं सांगू? पुढच्या रविवारी काय बोलावं तेच मला कळत नाहीये." मी म्हटलं, मलाही काही कळत नाहीये. मला वाटलं होतं ते वर जाऊन आईचा गोंधळ सोडवतील. आता गोंधळलेले आम्ही दोघं होतो आणि वर ती शांतपणे भात लावत होती.

त्यानंतरचे महिने मी नुसता चिडचिड करत काढले. कधी पाळकांवर चिडायचो, कधी बाबांवर, कारण ते एकदा तरी आईला नाही म्हणू शकले असते. देवावरही चिडलो. त्याला आमच्या रविवारच्या पाकिटातला दहावा भाग खरोखर हवा होता का? आणि हवा नसेल तर आईचे गुडघे कशापायी चालले होते? मधेच वाटे, मी ज्या फीवर शिकलो तीत देवाचा वाटा होता, मग माझी नोकरी कुणाची? अंधेरीच्या ऑफिसात मी परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद बघतो आणि कित्येक रविवारी उपासना सोडून लॅपटॉपसमोर बसतो, कारण तिकडच्या लोकांना घाई असते. त्याचे मला दुप्पटही मिळत नाहीत. असा विचार सुरू झाला की कुठे थांबायचं ते कळत नसे, मग मी टीव्ही लावायचो.

"ऑपरेशनचे पैसे मी भरतो," मी आईला म्हटलं.

"भर ना. नको कोण म्हणतंय? पण माझं होऊ दे आधी. मी खाटेवर पडले तर तिथं कोण बसणार?"

"मी बसतो बाबांच्या जागी."

"तू आधी तुझ्या जागी बस."

किती रविवार राहिलेत, असं विचारलं तर म्हणे, मोजलेले नाहीत, कळेल मला. या 'कळेल'नं माझं डोकं फिरायचं. इकडे तिचं चालणं दर महिन्याला कमी होत होतं. बाथरूमपर्यंत जायला ती भिंत धरायला लागली. रविवारी रिक्षातून उतरवताना ती दातांवर दात दाबून धरायची आणि मला दिसू नये म्हणून तोंड फिरवायची. मला दिसायचं. मंडळी मात्र सरावली. शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा तिला गीताचं पान काढून द्यायला लागले. एकदा ती आली नाही तर त्यांनीच माझ्याकडे चौकशी केली.

मग एका रविवारी, नाताळ होऊन गेल्यावर, ती हॉलमध्ये शिरली आणि सरळ डावीकडे बायकांमध्ये जाऊन बसली. सगळी उपासना मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होतो. उपदेश कशावर होता, देव जाणे.

रिक्षात विचारलं, "झालं?"

"झालं."

"कसं कळलं?"

"आज तिकडं जावंसंच वाटलं नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "लावा आता काय ते गुडघ्यांचं."

मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन लावला. तारीख ठरली, निम्मा खर्च कंपनीच्या विम्यातून निघत होता, उरलेला मी भरणार होतो, सुट्टी मिळाली. इतका हलका मी कित्येक दिवसांत झालो नव्हतो. येताना जिलेबी आणली. आई भाजीसाठी लसूण सोलत बसली होती. मी तिच्यासमोर पुडा उघडला आणि मस्करीत म्हणालो, "चला, बाबा सुटले. तू सुटलीस. आता आमचं काय ते सांग."

तिनं जिलेबी घेतली नाही.

"ह्यांचं राहिलेलं द्यायला ह्यांच्या मागं मी होते," ती म्हणाली. "तुझ्या मागं कोण आहे रे?"

मला वाटलं, टोमणा आहे, लग्नाचं जुनं प्रकरण पुन्हा निघालं. मी हसलो, ऑफिसचं काहीतरी बोललो. ती हसली नाही. सोललेला लसूण बाजूला ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती टोचून बोलत नव्हती, खरोखर विचारत होती आणि ऑपरेशनला जायच्या आधी तिला एक नाव ऐकायचं होतं. मी खूप आठवून पाहिलं. मला एकही नाव सांगता आलं नाही.