खाऱ्या मातीचं बियाणं

आमच्या सोसायटीत रोज भात न शिजणारं घर शोधून सापडायचं नाही. आणि याच माणसांनी गच्चीवरचं भात गवत म्हणून उपटून टाकलं. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

भात माझ्या सासऱ्यांचं होतं. भाईंदरच्या खाडीलगत त्यांचं शेत होतं. आता तिथे इमारती आहेत आणि आम्ही पूनम सागरमध्ये चौथ्या मजल्यावर. जमीन गेली, तरी बियाणं त्यांनी सोडलं नाही. लाल तांदळाचं हे भात खाऱ्या पाण्यात तग धरायचं. बांध फुटून भरती शेतात शिरली की बाकीची भातं जळायची, हे उभं राहायचं. जुनं बियाणं रुजत नाही, म्हणून दर पावसाळ्यात ते गच्चीवर सात फुटक्या टबांत पेरायचे. माती खाडीवरची, गोणीत भरून रिक्षाने आणलेली. मी एकदा नर्सरीची तांबडी माती सुचवली, तर म्हणाले, "गोड मातीची सवय लागली तं ते खारात कसं उभं रहील?"

हे घडलं त्याच्या आदल्या वर्षी कबुतरांनी बहुतेक लोंब्या फस्त केल्या. उरलं मूठभर. ते सगळंच त्या वर्षी पेरलं होतं, डब्यात मागे एक दाणा नव्हता.

पंधरा ऑगस्टच्या आधी कमिटीने गच्ची साफ करून घेतली. मी सकाळी कपडे वाळत घालायला गेले, तर टब रिकामे, पालथे. तशीच खाली गेले आणि सेक्रेटरीला गाठलं.

"वो तो घास थी, भाभी. पानी जमा था, डेंगू हो जाता," तो म्हणाला. "हम वहाँ अच्छे प्लांट्स लगा देंगे."

त्याच्या मागे नोटीस बोर्डवर 'हरित गच्ची स्पर्धा' असा कागद लावलेला. मी मराठीत, हिंदीत, तोंडाला येईल त्या भाषेत त्याला सुनावलं. मॉलमध्ये लाल तांदळाचं पाकीट दिसलं की हेल्दी हेल्दी म्हणून उचलता, आणि तेच रोप डोक्यावरच्या गच्चीत उभं असताना ओळखता येत नाही? जन्मभर खाल्लंत ते दिसतं कसं, एवढंही माहीत नाही? चार माणसं जमली. घास के लिए इतना क्या, असं कुणीतरी पुटपुटलं. मला रडू आलं, निव्वळ संतापाने.

तेवढ्यात सासरे आले. भांडले नाहीत. "कुठं टाकलं?" एवढंच विचारलं.

कचऱ्याच्या डब्यांपाशी ढीग होता. गच्चीवरचं, कंपाउंडच्या कडेचं, सगळं एकत्र. त्यांनी मुळं चाचपली.

"ओली हायत आजून. भात तसंबी उपटूनच लावतात, जगल. पण ऊन चढायच्या आत निवडाया पायजे. मना बारीक दिसत न्हाय. तू भाताचं तेवढं काढून दे."

मी उकिडवी बसले. एक रोप उचललं, मग दुसरं. दोन्ही हिरवी, दोन्ही लांब पात्यांची. एक बाजूला टाकलं, ते का टाकलं मला सांगता आलं नसतं. तीन पावसाळे मी या टबांना पाणी घातलं होतं. सेक्रेटरी अजून तिथेच उभा होता आणि मला मान वर करवेना.

सासऱ्यांना काय ते कळलं. त्यांनी माझ्या हातातलं रोप घेतलं, पातं देठापासून जरा मागे ओढलं.

"हितं, पातं फुटतंय तिथं, पांढरा पापुद्रा हाय का? असला तं भात. नसला तं गवत."

मग मी एकेक पातं मागे ओढून बघत गेले. त्या दिवशी अकरा रोपं परत टबांत लागली, त्यातली सहा जगली. आणि अकरातलं पहिलं सापडलं ते मी मघाशी गवत म्हणून बाजूला टाकलेलं.