नव्या गाडीले कोणतं तेल?

लाखनीच्या हायवेला माझं ऑइल आणि फिल्टरचं दुकान आहे. बाजूला वामन मिस्त्रीचं गॅरेज, दोघांच्या मधे एक बाकडं. त्या बाकड्यावर टेकलेला माणूस तेल नेईल की नाही याची खात्री नाही, पण किस्सा मात्र ठेवून जातो! त्यात गाडी नवी असली की विचारूच नका. जुन्या गाडीवाला म्हणतो, "टाक ना भाऊ, कोणतंही." नव्या गाडीवाल्याचा जीव पहिले हजार किलोमीटर बॉनेटखाली अडकलेला असतो. "इंजिन अजून कोवळं हाय जी, कोणतं तेल पचंन त्याले?" असं विचारणारी माणसं मी पाहिली आहेत. एक नाही, डझनभर!

* * *

आंधळगावचे तुळशीरामजी. घरी हातमाग, साड्यांचा व्यापार. आयुष्यातली पहिली कार घेतली. पहिल्या सर्व्हिसला गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं तेल मी काढून दिलं. त्यांनी डबा उघडायला लावला, दोन बोटांत थेंब घेतला, सूत तपासावं तसा चोळला आणि तोंड वाकडं केलं.

"हे तेल हाय? हे तर पाणी हाय!"

"तुळशीरामजी, आताच्या इंजिनले पातळच लागते."

"काहून लागते? घरच्या बाळंतिणीले पातळ वरण देता का? तूप देता! मले घट्ट द्या. ट्रॅक्टरचं द्या!"

नव्या इंजिनातल्या फटी बारीक असतात, घट्ट तेल वेळेवर पोचत नाही, हे सांगून सांगून मी थकलो. शेवटी वामन मिस्त्री हात पुसत बाहेर आला. म्हणाला, "तुळशीरामजी, मागाच्या फणीत रेशमाच्या जागी सुतळी ओवता का तुमी?"

तुळशीरामजी डबा उचलत माझ्यावरच डाफरले, "असं सांगा ना मग! एवढा वेळ बाळंतीण कायले आणली मधात?"

* * *

होमराज आणि खेमराज, सख्खे भाऊ, दोघांत मिळून एक कार. होमराज म्हणे, नव्या गाडीत आधी साधं मिनरल तेल टाकावं, म्हणजे पिस्टनच्या रिंगा नीट घासून बसतात. खेमराजनं मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेले. तो म्हणे, सिंथेटिकच! यावरून दोघांचं बोलणं बंद.

सकाळी होमराज आला. "मिनरल द्या. खेमराजले सांगू नका."

दुपारी खेमराज. "सिंथेटिक द्या. दादाले सांगू नका."

मी दोघांनाही एकच सांगितलं, "पहिल्या सर्व्हिसपर्यंत कंपनीनं भरलेलं तेलच राहू द्या. हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी दोघं खांद्याला खांदा लावून दुकानात! होमराज कडाडला, "तेल विकाचंच नव्हतं, तर दुकान काहून उघडलं जी?"

आणि खेमराजनं जन्मात पहिल्यांदा दादाच्या बोलण्याला मान डोलावली!

* * *

शेवंताबाईंचा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, लाखनीले चाललीच हायेस तर गाडीसाठी पाच-तीसचं तेल घेऊन ये." डब्यावर नंबर असतो ना, फाइव्ह डब्ल्यू थर्टी, ते.

बाई तीनला आल्या, बाकड्यावर बसल्या. पाणी दिलं, प्यायल्या. "काय देऊ?" म्हटलं तर "आरामानं द्या जी, घाई नाही." मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तर माझीच कीव आल्यासारखं बघितलं. मधेच वामन मिस्त्रीला विचारून घेतलं, "भाऊ, तुमची घडी बरोबर चालते ना?"

साडेपाच वाजले तशा पदर सावरत उठल्या, पिशवी पुढं केली. "हं, झाले पाच-तीस. काढा आता ताजं!"

मी आतल्या खोलीत जाऊन डबा आणला. काउंटरवरचा द्यायची हिंमतच झाली नाही!

* * *

हरिभाऊंना कोणीतरी सांगितलं, नवं इंजिन तेल पितं, लक्ष ठेवा. झालं! रोज सकाळी चहा घेतला की तेल मोजायची पट्टी, डिपस्टिक, बाहेर. घरासमोर उतार. गाडी तिरकी उभी, त्यामुळं तेल एका बाजूला जमा आणि पट्टी कोरडी. हरिभाऊ रोज कपभर ओतत. आपला एक कप, गाडीचा एक कप!

आठव्या दिवशी गाडी सुरू केली आणि गल्लीत निळसर पांढरा धूर! शेजारी बादल्या घेऊन धावले. हरिभाऊंची बायको, आमच्या काकू, ओरडल्या, "नजर लागली गाडीले!" आणि त्यांनी मीठमिरच्या ओवाळून अंगणातल्या चुलीत टाकल्या. आता तेलाचा धूर आणि मिरचीचा धूर, सगळी गल्ली खोकतेय!

वामन मिस्त्रीनं तोंडाला रुमाल बांधून खालचा नट खोलला. तेल थांबेचना. म्हणाला, "काकू, नजर नाही, अजीर्ण झालं याले!"

काकू डोळे पुसत, हरिभाऊंकडं बोट करत म्हणाल्या, "मले माहीतच होतं. याईच्या हातानं आमचा कुत्राही असाच फुगला!"

* * *

आणि दिघोरीचे गोपाळ गुरुजी. रिटायर्ड शाळामास्तर. भाच्याचं लग्न मोहाडीकडं ठरलं आणि गुरुजींनी जाहीर केलं, "नवरदेव माझ्याच नव्या गाडीत जाईन!" मी नात्यातला, म्हणून मागच्या सीटवर नवरदेवाच्या बाजूला.

गुरुजींनी काटा पन्नासवर आणला आणि तिथंच ठेवला. वऱ्हाडाची बस पुढं गेली. भुसा भरलेला ट्रॅक्टर पुढं गेला. मुलीच्या बापाचा दर दहा मिनिटांनी फोन.

"मामा, थोडी दाबा ना," नवरदेव काकुळतीला आला.

"रन-इन चालू आहे, नवं इंजिन रुळतंय अजून! लग्न तासभर उशिरा लागलं तरी लागते. रिंगा एकदाच बसतात!"

बँडवाल्यांचा टेम्पो आम्हाला हात हलवत पुढं गेला, तेव्हा नवरदेवाचा धीर सुटला. गाडी थांबवायला लावली, बाशिंग धरून मागून आलेल्या मित्राच्या मोटरसायकलवर बसला आणि कसाबसा मुहूर्त गाठला. आम्ही पोचलो तेव्हा दुसरी पंगत उठत होती. गुरुजी म्हणाले, "पण इंजिन बघा कसं शांत आहे!"

संध्याकाळी बिदाई. सगळे रडताहेत. नवरी आरती, बापाचा पिकअप घेऊन धान बाजारात नेणारी मुलगी. गाडीपाशी आली आणि म्हणाली, "मामाजी, गाडीचं पुस्तक कुठं हाय?"

शालूत उभ्या उभ्या तिनं पान काढलं. रडणारे थांबले. "यात तर लिहिलं हाय, नवी गाडी एकाच स्पीडनं चालवू नका, कमी-जास्त करा. तुमी सगळ्या रस्त्यानं पन्नासच ठेवलं?"

जन्मभर पोरांना 'पुस्तक नीट वाचा' म्हणणारे गुरुजी आता स्वतःच त्या पानावर वाकले!

"चाबी द्या."

रडता रडता तिची आईच हसू लागली. नवरी स्टीअरिंगवर, नवरदेव बाजूला, मागं मी आणि गुरुजी. तीस, साठ, चाळीस, सत्तर! गुरुजींनी एका हातानं दारावरचं हँडल धरलं, दुसऱ्या हातानं माझा गुडघा. नवरदेव मात्र असा खुशीत, की जणू तोच बिदाई होऊन चालला होता!

आठ दिवसांनी गुरुजी दुकानात आले. एसटीनं. मी चहा सांगितला आणि सहज विचारलं, "गुरुजी, किती किलोमीटर झाले गाडीचे?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ते आता सूनबाईले विचारा."