कापूस आमच्याकडे, शेगडी त्यांच्याकडे

महाराजांच्या राज्यात नगरपालिकेचे नियम कमी नव्हते, पण विस्तवाच्या नियमाइतका राग मला दुसऱ्या कशाचा आला नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात दवंडीवाला हलगी वाजवत आला आणि ओरडून गेला, की ज्या घरात कापूस, कडबा किंवा गवत भरलेलं असेल त्या घरात विस्तव ठेवायचा नाही, मग घर गवती असो की कौलारू. चूल घरामागं परड्यात मांडायची. दारात पाण्याचा रांजण भरलेला हवा. गवती घरात कापूस नसला तरी विस्तवापाशी माणूस बसलेलं हवं. पलीकडच्या गल्लीत कापूस पेटून एक अख्खी ओळ जळाली होती, त्यानंतर सुचलेलं हे शहाणपण. नियम वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. पण नियम करणारांच्या घरी त्या वेळी कोणी बाळंतीण नसावी.

बोळात कापूस होता तो एकाच घरात. आमच्या समोर पिंजाऱ्याचं गवती छपराचं घर होतं. थंडीच्या तोंडावर गाद्या आणि लेप भरून घ्यायला लोक जुना कापूस त्यांच्याकडे आणून टाकत, आणि मग त्या घरात माणसांना पाय ठेवायला जागा उरत नसे. पिंजाऱ्याच्या बायकोला आम्ही चाची म्हणायचो. गरीब स्वभावाची बाई. दवंडी ऐकली आणि त्याच दिवशी तिनं चूल परड्यात नेली. मी असते तर चार दिवस तरी वाट बघितली असती.

मार्गशीर्षात चाचीची लेक उचगावहून पहिल्या बाळंतपणाला आली. दिवस भरायला अजून अवकाश होता, पण येऊन टेकते न टेकते तोच तिला कळा सुरू झाल्या आणि मुलगा झाला. ओंजळीत मावेल एवढा. जन्मला तेव्हा तो रडलाच नाही, नुसता चिरकल्यासारखा आवाज काढला आणि गप्प झाला. सुईणीनं त्याला पिंजलेल्या कापसात गुंडाळलं आणि सांगितलं, "ह्याला ऊब तुटू देऊ नगासा. शेगडी इझली की पोर गेलं म्हणून समजा."

बोळातल्या बाकीच्या बायका विटाळाला भिऊन उंबऱ्याबाहेरून चौकशी करत. आम्हा लिंगवंतांच्यात विटाळ मानत नाहीत, त्यामुळे मी सरळ आत गेले. बाजेखाली शेगडी, भिंतीला छतापर्यंत कापूस, वर गवत. पण त्या एवढ्याशा जिवाकडे बघितल्यावर शेगडी काढा म्हणायला जीभ रेटेना.

ते काम नगरपालिकेच्या शिपायानं केलं. छपरातून धूर निघताना त्याला दिसला आणि तो दारात येऊन उभा राहिला.

"चाची, शेगडी भायेर काढा."

"काढते की," चाची म्हणाली, "पण मग नातवाला बी तुमीच घिऊन जावा. इथं ठिवून त्याचं काय करू?"

तिचा आवाज चढलासुद्धा नव्हता. मला मात्र राहवलं नाही. मी त्या शिपायाला बोळाच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं सुनावलं. तुला लेकरंबाळं आहेत का, थंडीत तान्ह्या पोराला उघड्यावर टाकायचा कायदा कुठल्या राज्यात असतो, असं बरंच काही. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग आत डोकावून कापसात गुंडाळलेलं पोर बघितलं आणि हळूच म्हणाला, "ह्या पोराच्या अंगावरचा कापूस मला दिसला न्हाय. पण भिंतीचा दिसतोय. जळालेल्या त्या वळीत माझ्या भनीचं घर हुतं, वैनी. कापूस हलवा, मग शेगडी खुशाल ऱ्हाऊ द्या. फकस्त कुणीतरी बसून ऱ्हावा तितं."

हलवायचा कुठे? बाहेर ठेवावा तर दवानं भिजणार, आणि तो कापूस तर लोकांचा. मी म्हणून टाकलं, "आमच्याकडं आणा. आमचा पुढचा सोपा रिकामाच हाय."

शिपाई म्हणाला, "आणा की. पण वैनी, कापूस तुमच्यात आला म्हंजी नेम बी तुमच्यात आला. तुमची चूल भायेर."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आमचं घर कौलारू, त्यामुळे आपल्याला काय होतंय अशा तोऱ्यात मी बोलून बसले होते. आणि चूल माझी नव्हती, माझ्या सासूची होती. माझं माहेर कानडी मुलखाच्या कडेचं, म्हणून सासूला मी अत्ती म्हणायची. अत्ती लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून ती चूल विझली नव्हती. रोज रात्री निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी फुंकर घालून जागे करायचे, हे त्या माझ्या हातातसुद्धा देत नसत. सासरे गेले त्या दिवशी चूल पेटवायची नव्हती, तरी राखेखाली निखारा जपला होता त्यांनी.

मी घरात येऊन सगळं सांगितलं. आमच्या घरातले, म्हणजे माझे मालक, म्हणाले, "महिनाभर परड्यात चूल? ह्या थंडीत? आई न्हाय ऐकायची." अत्ती चुलीपुढेच बसल्या होत्या. त्यांनी जळतं लाकूड मागं ओढलं. मग विचारलं, "पोराला बघितलंस तू? जगंल?"

मी खरं तेच सांगितलं. "ठाऊक न्हाय, अत्ती."

त्या उठल्या. मला वाटलं, आता चूल विझवायला घागर आणतील. पण त्यांनी आणला चिमटा आणि खापराचं भांडं. चुलीतले निखारे एकेक करून भांड्यात भरले, वर राख पसरली, झाकण ठेवलं आणि बोळ ओलांडून स्वतः चाचीच्या घरात गेल्या. शेगडी विझत आली होती. त्यांनी निखारे तिच्यात ओतले आणि चाचीला म्हणाल्या, "माझ्या चुलीत पाणी वतनार न्हाय मी. हितं ऱ्हाऊ दे ती. आणि तू रडू नगंस, कापूस आवरायला लाग."

इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, उठता बसता बोलणी खाल्ली, पण त्या दिवशी माझ्या सासूचा मला जो अभिमान वाटला तो शब्दांत मांडता येणार नाही.

मग आमच्या घराची जी दैना झाली ती विचारू नका. सोपा आढ्यापर्यंत कापसानं भरला. पिंजारी तिथंच बसून कापूस पिंजायची धनुकली वाजवायचा, दिवसभर टणटण. डाळीत कापूस, केसात कापूस, देवाच्या पुढ्यात कापूस. आमच्या घरातले सतत शिंकायचे आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना पडसं झालंय म्हणून सांगायचे. परड्यात वाऱ्यानं जाळ एकीकडे आणि तवा एकीकडे. मी त्या नगरपालिकेला रोज नव्यानं शिव्या घालायची. अत्ती मात्र वाऱ्याकडं पाठ करून भाकऱ्या थापायच्या. शेगडीपाशी चाची, मी आणि अत्ती आळीपाळीनं बसायचो. शिपाई फेरीला आला की दाराशी थांबायचा, रांजणात डोकावायचा आणि विचारायचा, "रडतंय का?"

कारण पोर रडत नव्हतं. दूध चमच्यानं घशाखाली उतरायचं, श्वास चालू असायचा, पण रडायला लागणारं बळ त्याच्यात नव्हतं. त्याची आई त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. डोळा लागला की दचकून उठायची आणि त्याच्या छातीला हात लावायची. मला ते बघवायचं नाही. मी उगीच निखारे सारखे करत बसायची.

एका दुपारी मी आणि अत्ती परड्यात होतो. त्या भाकरी थापत होत्या, मी जाळ घालत होते. पिंजारी जेवायला उठला होता, म्हणून टणटण थांबली होती. कुठूनतरी बारीक, चिडका आवाज आला. मी म्हणाले, "मांजर शिरलं वाटतं कुठंतरी."

अत्तींचे हात थांबले. "मांजर न्हवं," त्या म्हणाल्या, आणि पिठाच्या हातांनीच निघाल्या. मी त्यांना कधी पळताना बघितलं नव्हतं. भाकरी तव्यावर तशीच टाकून मी मागोमाग धावले.

पोर लालभडक झालं होतं. मुठी आवळून, तोंड वासून, सगळं अंग हलवत ते रडत होतं. चाची हात जोडून भिंतीला टेकली होती. आणि त्याची आई, ती पोरगी, घाबरून पांढरी पडली होती. आपलं लेकरू रडताना तिनं कधी ऐकलंच नव्हतं. तिनं अत्तींचा पदर धरला. "काय झालं ओ ह्याला? कायतरी दुकतंय त्याला. गप करा की कुणीतरी!"

अत्ती तिच्याजवळ बाजेवर बसल्या. "न्हाय गं माझे बाई," त्या म्हणाल्या, "गप नगं करूस. रडू दे त्याला."