राणीची न्हाणी

आमच्या घरी पाहुणा आला की त्याची नाणेघाटातून सुटका नाही. नारायणगावात चहा, जुन्नरमार्गे घाटाचा माथा आणि तिथं आमचं दोन पात्रांचं नाटक. गाइड मी. माझी फिरकी घ्यायला दाजी, म्हणजे अवसरीला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मेहुण्याची चारचौघांत फजिती करणं हा आमच्याकडे दाजींचा हक्कच. ते तो मन लावून बजावत.

घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. जुन्या काळी व्यापारी त्यात जकात टाकत, असं सांगतात. माझ्या कार्यक्रमात एवढं साधं सत्य बसत नाही. मी टॉवेल शालीसारखा पांघरून, आवाज खाली आणून सांगायचो, "मंडळी, या रांजणात राणी दुधानं न्हायची!"

मागून शेंगा फोडत दाजी म्हणायचे, "राणीला काय घरात न्हाणी नव्हती व्हय? पावणं, थापा बेतानं सोडा, पुढं कडा हाय!"

पाहुणे हसून बेजार. मी रुसल्याचं सोंग केलं की आणखी एक टोला मिळायचा.

दिवाळीनंतर दाजींना अर्धांगाचा झटका आला. हळूहळू पाय चालू लागले, वाचा मात्र गेली ती गेलीच. ताईनं सगळे उपाय केले. शेवटी मला म्हणाली, "घाटात ने त्यांना. तुझ्या सगळ्या थापा मार. चिडून तरी बोलतील."

गेलो. ताईनं त्यांच्या खिशात आठवणीनं शेंगा घातल्या. दाजींना रांजणाला टेकवून उभं केलं. एक कुटुंब फोटो काढत होतं, तेही ऐकायला थांबलं. मग काय, मी सुटलोच. कोकणातून गवळणी रांगेनं वर चढवल्या, कड्यावर हत्ती नाचवले. टॉवेल पांघरला. "या रांजणात राणी दुधानं न्हायची!"

आणि थांबलो. पुढचं वाक्य माझं नव्हतं.

ताईनं दाजींची बाही घट्ट धरली होती, नजर त्यांच्या ओठांवर.

त्या कुटुंबातल्या बाईंनी दाजींनाच विचारलं, "खरंच का हो, काका?"

दाजींनी रांजणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हळूच मान हलवली. हो म्हणून.

इतक्या वर्षांत माझं बोलणं त्यांना पहिल्यांदाच पटलं होतं. ताईनं तोंड फिरवलं. मला राहवेना. मीच दाजींचा आवाज काढून म्हणालो, "राणीला काय घरात न्हाणी नव्हती व्हय?"

ते कुटुंब खळखळून हसलं.

दाजींनी त्यालाही मान हलवली.